टॅलिनमधला शाश्वत कपड्यांचा शो: खरं-खोटं शिवणीवरून कसं ओळखायचं?

प्रश्न असा आला आहे. पुण्यात फॅशन डिझाइन शिकणारी एक विद्यार्थिनी सहा महिन्यांसाठी एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला आली आहे. एस्टोनियन डिझायनरांचे शाश्वत (म्हणजे पर्यावरणाला जपून केलेले) कपडे दाखवणारा शो ती पाहणार आहे आणि त्यावर तिला कॉलेजसाठी लिहायचंय. तिला दोन गोष्टी हव्यात. रॅम्पवर दिसतं त्यातलं खरं किती आणि देखावा किती, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखावं? आणि जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीच्या देशाचं या बाबतीत एवढं नाव कशामुळे?

मी कटिंगवाली बाई. चौदा वर्षं अंधेरीच्या एका एक्सपोर्ट हाऊसमध्ये पॅटर्न (कपड्याच्या भागांचे कागदी साचे) आणि मार्करचं काम केलं, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. गेली नऊ वर्षं टॅलिनमधल्या लहान ब्रँडांसाठी पॅटर्न काढते. अशा शोंमध्ये मी बहुतेक वेळा पडद्यामागे असते, तोंडात टाचण्या आणि हातात वाफेची इस्त्री. समोर खुर्चीत बसून फार थोडे शो पाहिलेत. त्यामुळे माझं उत्तर कपड्याच्या उलट्या बाजूनेच येणार.

थोडक्यात सांगायचं तर रॅम्पवरून गेलेल्या एका नगावरून काहीही कळत नाही. तोच नग दुसऱ्यांदा, पन्नासाव्यांदा, पाचशेव्यांदा करता येईल का, हे विचारा. जुन्या कापडातून एक सुंदर नग कोणीही करतं. आपल्या आज्या तेच करायच्या, आणि गोधडी तर रॅम्पवर न जाताही सुंदर असते. पण एका नगाने कारखान्यातल्या कचऱ्याच्या ढिगाला काही फरक पडत नाही.

आता हे नीट समजायचं तर कापड वाया कसं जातं ते आधी बघावं लागेल. थान उलगडून टेबलावर एकावर एक थर पसरतात, त्याला कटिंगमध्ये ‘ले’ म्हणतात. त्यावर मार्कर येतो, म्हणजे सगळ्या मापांचे सगळे भाग कोड्यासारखे बसवलेला लांबच लांब कागद. मुंढा गोल, बाहीचा माथा गोल, कॉलर वाकडी. चौकोनी कापडात गोल भाग बसवले की मध्ये खाचा राहणारच. शर्टाच्या चांगल्या मार्करमध्येसुद्धा दहा-पंधरा टक्के कापड या खाचांत जातं. वर प्रत्येक थानाचं उरलेलं टोक. डाग, ओढलेला धागा, शेड जुळत नाही म्हणून बाजूला काढलेले पॅनेल. ऑर्डर रद्द झाल्यामुळे गोदामात पडलेली अख्खी थानं. आणि शेवटी बायरने नाकारलेला तयार माल, लेबलं कापून विकायचा किंवा जाळायचा.

आमच्याकडे दर शनिवारी कतरणवाला टेम्पो घेऊन यायचा. होजिअरीची कतरण वेगळी, साध्या विणीच्या कापडाची वेगळी. पांढऱ्याला भाव जास्त, रंगीतला कमी, आणि लायक्रावाल्या कापडाकडे तो बघायचाही नाही. त्यातून मशीन पुसायच्या चिंध्या व्हायच्या, गाद्या-उशांचं भरण व्हायचं. म्हणजे ‘वाया’ जायचं नाही असं आम्ही म्हणायचो. पण दीडशे रुपये मीटरच्या कापडाची उशी भरणं याला वापर म्हणायचं का, हा प्रश्न मला तिथे असताना पडला नव्हता. इथे आल्यावर पडला.

आणि तो पाडला रेट आउस या बाईंच्या कामाने. तुमच्या लिखाणात एकच नाव घ्यायचं असेल तर त्यांचं घ्या. मुळात त्या नाटक-सिनेमाच्या वेशभूषाकार. २०११ मध्ये त्यांनी एस्टोनियन कला अकादमीत डॉक्टरेट केली, विषय होता टाकाऊतून फॅशन, म्हणजे अपसायकलिंग. सुरुवात त्यांनीही इतरांसारखीच केली, जुन्या कपड्यांपासून. मग त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक जुनी पँट वेगळी, प्रत्येकीचा डाग वेगळ्या जागी, प्रत्येकीची उसवण्याची तऱ्हा वेगळी. मजुरी कापडापेक्षा महाग पडते आणि नग पन्नासच्या वर जात नाहीत. तेव्हा त्यांनी उलटा रस्ता धरला आणि कचरा जिथे एकाच आकाराचा, हजारोंनी पडतो तिथे गेल्या. बांगलादेशात, बेक्सिम्कोच्या कारखान्यात.

हे डोकं मला फार आवडतं, कारण ते कटिंगवाल्याचं डोकं आहे. एकाच टी-शर्टची लाखभर नगांची ऑर्डर असेल तर मार्करही तोच, खाचाही त्याच, शेवटची टोकंही साधारण त्याच लांबीची. म्हणजे कतरणसुद्धा एकाच मापाची, मोजून घ्यावी अशी. तिला साचा लावता येतो. आउस यांनी ‘अपमेड’ नावाची पद्धत बसवली आणि स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटच्या टॅलिन केंद्राच्या मदतीने तिचं प्रमाणपत्र केलं. त्यात आधी कारखान्यात कुठे, किती, कोणत्या आकाराचं कापड उरतं याचं मोजमाप होतं. मग त्या उरलेल्यातून, त्याच कारखान्यात, त्याच कारागिरांकडून शिवता येईल असं डिझाइन काढलं जातं. आपण कॉलेजात शिकलो ते स्केच आधी आणि कापड नंतर. इथे कापड आधी ठरलेलं असतं, डिझायनरने त्याच्या मापात मावायचं असतं.

लोक मला विचारतात, एस्टोनियन ब्रँड आणि शिवतो बांगलादेशात, मग यात शाश्वत काय? तिकडे तर २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ माणसं गेली. कामगारांचा प्रश्न रास्तच आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण फक्त ‘स्थानिक’ हा शिक्का मारण्यासाठी कतरण जहाजात घालून बाल्टिक समुद्रापर्यंत आणायची, यात शहाणपण नाही. कतरण जिथे पडते तिथेच वापरावी. २०१४ च्या लाउलुपिडूचे टी-शर्ट याच पद्धतीने झाले. लाउलुपिडू म्हणजे इथला गाण्याचा महाउत्सव, १८६९ पासून चालत आलेला, हल्ली दर पाच वर्षांनी भरणारा. हजारो माणसं एका सुरात गातात आणि अंगावर कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कापडाचा शर्ट. रॅम्पपेक्षा मला हा शो मोठा वाटतो. आउस यांच्या या सगळ्या प्रवासावर ‘आउट ऑफ फॅशन’ नावाचा माहितीपट २०१५ मध्ये आला. मिळाला तर शोच्या आधी बघा.

आता उरलेल्या कापडाची खोड सांगते. तीही माझ्याच चुकीतून.

इथल्या एका लहान ब्रँडसाठी आम्ही साठ शर्ट काढले होते. दोन वेगळ्या कारखान्यांतून उरलेलं कापड आलं होतं, दोन्ही शंभर टक्के सुती पॉपलिन. अंग एका कापडाचं, बाह्या आणि योक, म्हणजे खांद्यावरचा आडवा तुकडा, दुसऱ्याचा. दिसायला झकास. पॅटर्न माझा, आणि धुऊन बघायचा कंटाळाही माझाच. म्हटलं पॉपलिन ते पॉपलिन. पहिल्या धुण्यात बाह्या आटल्या, अंग आटलं नाही. योकपाशी पुढच्या भागाला अशी लाट आली की शर्ट अंगावर घातल्यावर माणूस एका खांद्याने नाराज दिसावा. अर्ध्याहून जास्त शर्ट परत आले. एका कापडाला न आटण्याची प्रक्रिया झालेली होती, दुसऱ्याला नव्हती, आणि उरलेल्या थानाबरोबर ही माहिती कोणी चिठ्ठी लावून देत नाही. तेव्हापासून पन्नास सेंटीमीटरचा चौकोन कापायचा, कडेला खुणा करायच्या, चाळीस अंशावर धुवायचा, वाळवायचा, पुन्हा मोजायचा, हे मी कुठल्याही कापडाला चुकवत नाही. ब्रँडच्या मालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत. एस्टोनियन माणसं रागावली तरी गप्पच बसतात, आणि ते जास्त लागतं.

ही गोष्ट सांगायचं कारण, शोमध्ये तुम्हाला नेमकं हेच बघायचंय. मॉडेल दोन मिनिटं चालते, तिचा कपडा धुतलेला नसतो. खरं उरलेलं कापड वापरणाऱ्याला शेड आणि आटणं या दोन गोष्टींशी रोज झगडावं लागतं, आणि त्या झगड्याच्या खुणा कपड्यावर राहतात. शेड जुळत नसेल तर शहाणा डिझायनर जुळवायचा प्रयत्नच करत नाही, उघड वेगळा रंग लावतो. निळ्याला जवळजवळ तसलाच निळा लावला तर चूक दिसते, निळ्याला विटकरी लावला तर डिझाइन दिसतं.

मागच्या एका शोला माझ्या टेबलावर एक जाकीट आलं होतं, बटण शिवायला. लांबून साधं काळं जाकीट. हात वर केला की मनगटापासून काखेतून थेट कमरेपर्यंत जाणारी एक सलग पट्टी, गडद हिरवी, नऊ सेंटीमीटर रुंद. बाहीची खालची बाजू आणि अंगाची कड एकाच पट्टीने भागवलेली. मी उलटवून बघितलं तर पट्टीच्या एका बाजूला कापडाची मूळ किनार तशीच होती, थानाच्या कडेला बारीक भोकं असतात ना, तीसुद्धा. म्हणजे ही पट्टी मार्करच्या कडेला उरलेली. कुठल्यातरी पँटच्या ऑर्डरमध्ये थानाच्या रुंदीतून दर वेळी नऊ सेंटीमीटर उरत होते, आणि या मुलीने ते नऊ सेंटीमीटर धरून जाकीट काढलं होतं. पट्टी काखेत घातल्यामुळे हात उचलायला जागा मिळाली आणि काखेचा अवघड चौकोनी तुकडा वेगळा लावावा लागला नाही. शिवाय पट्टी संपली नाही तोवर हवी तेवढी जाकिटं. मी तिला म्हटलं, हे छान आहे. ती म्हणाली, हो. बस, एवढंच संभाषण.

याच्या उलट तुम्हाला ठिगळांचे कोट दिसतील, रंगीबेरंगी, तुकडे-तुकडे, फोटोला झक्क. त्यातले काही मनापासून केलेले असतात. काहींत मात्र नवं कापड मुद्दाम कापून तुकडे केलेले असतात, कारण ठिगळ दिसलं की शाश्वत वाटतं. ओळख सोपी आहे. तुकडे सगळे एकसारखे, धाग्याची दिशा सगळ्यांची उभी, कुठेही किनार नाही, कुठेही जुन्या शिवणीची भोकं नाहीत, तर शंका घ्या. खऱ्या कतरणीत धागा कुठे उभा, कुठे आडवा, कुठे तिरपा असतो, आणि तिरप्या तुकड्याला थोडा झोल येतोच. पहिल्या रांगेत बसलात तर खालची तुरपाई जिथे जोडांवरून जाते तिथे बघा. झोल लपवता येत नाही अशी ती जागा.

मारिट इलिसॉन यांचे कोट हा मात्र वेगळाच प्रकार, आणि माझा नियम तिथे मोडतो हे कबूल करते. सोव्हिएत काळातली लोकरी ब्लँकेटं, इथल्या प्रत्येक घराच्या माळ्यावर असतात तसली, गोळा करून त्यांनी कोट केले. त्या मालिकेचं नाव ‘लॉन्गिंग फॉर स्लीप’, झोपेची ओढ. हे पाचशेव्यांदा करता येणार नाही. ब्लँकेटं संपली की कोट संपले, आणि प्रत्येक ब्लँकेट वेगळं म्हणून प्रत्येक कोट वेगळा. पण कटिंगच्या अंगाने बघाल तर त्यात कमालीची शिस्त लागते. ब्लँकेटची लांबी-रुंदी ठरलेली, पट्टे आणि कडेची किनार ठरलेली. पट्टा कोटाच्या घेरावर यावा, दोन्ही पुढच्या भागांवर एका रेषेत यावा, बाहीवर त्याच उंचीला यावा, यासाठी जागा एकच असते. कात्री चुकली तर दुसरं ब्लँकेट नाही. असे कोट कारखान्याचा कचरा कमी करत नाहीत. पण ज्या घरातलं ब्लँकेट होतं त्या घराची पन्नास वर्षं त्यात राहतात, आणि असा कोट कोणी दोन हंगामांत फेकत नाही. तुमच्या लिखाणात या दोन वाटा वेगळ्या ठेवा. आउस यांचं काम कचऱ्याचं गणित आहे, इलिसॉन यांचं आठवणीचं. शोच्या पत्रकात दोन्ही ‘शाश्वत’च लिहिलेलं असेल. (हा शब्दही गमतीचा. आपल्याकडे शाश्वत फक्त आत्मा, कपडा तर गीतेतच टाकून द्यायचा सांगितलाय.)

आता दुसरा प्रश्न, इथेच का?

लोक सांगतात, निसर्गप्रेमी लोक, जंगलं, डिजिटल देश वगैरे. असेल. मला कारण कापडाच्या इतिहासात दिसतं. रशियाच्या सीमेवर नार्वा नावाचं गाव आहे, तिथे नदीतल्या बेटावर धबधब्याच्या पाण्यावर चालणारी क्रेनहोल्म ही कापडगिरणी १८५७ मध्ये लुडविग क्नोप याने काढली. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, म्हणजे एका वर्षाचा फरक, आणि यंत्रं दोन्हीकडे लँकेशायरची. क्रेनहोल्म पुढे जगातल्या मोठ्या गिरण्यांपैकी एक झाली. पण एस्टोनियात कापसाचं बोंड उगवत नाही. कापूस आधी समुद्रापलीकडून, सोव्हिएत काळात मध्य आशियातून. १९९१ नंतर ते जाळं तुटलं, आणि २०१० मध्ये गिरणीचं दिवाळं निघालं. नार्व्याला मी एकदा गेले होते. त्या लाल विटांच्या रिकाम्या इमारती बघून लालबाग-परळ आठवू नये असं होत नाही, फक्त इथे मॉल झाले नाहीत.

टॅलिनमध्ये १९२८ मध्ये सुरू झालेली बाल्टिका कंपनी, कोट-सूट शिवणारी. तिने २०१९ मध्ये देशातलं शिवणकाम बंद केलं. मजुरी परवडत नाही, हेच कारण. म्हणजे मोठ्या प्रमाणावर स्वस्त शिवण्याचा रस्ता इथल्या तरुण डिझायनरांसमोर उरलेलाच नाही. राहतं काय, तर लहान कार्यशाळा, थोडे नग, जास्त किंमत, आणि त्या किमतीला काहीतरी कारण. शाश्वत असणं हे इथे तत्त्व आहे तसंच ते धंद्याचं गणितही आहे. यात मला काही गैर वाटत नाही, उलट नुसत्या तत्त्वावर चाललेलं दुकान मी दोन वर्षांवर टिकलेलं पाहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे टंचाईची आठवण. सोव्हिएत काळात टॅलिन हे फॅशनचं शहर मानलं जायचं. तिथे सरकारी फॅशन हाऊस होतं आणि १९५८ पासून ‘सिलुएट’ नावाचं मासिक निघायचं, बरोबर पॅटर्नचे कागद जोडलेले. मासिकात कोट दिसायचा, दुकानात नसायचा. मग बायका पडद्याचं कापड, नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, मिळेल ते घेऊन पॅटर्न टाकायच्या. माझ्या शेजारी राहणाऱ्या ऐंशीच्या आजी शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावतात, माझी आई लावायची तश्शीच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या आजींना आणि मला एकमेकींची भाषा येत नसूनही अर्धा तास त्यावर बोललो.

कला अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी आपला फॅशन शो सुरू केला तो १९८२ मध्ये, गिरणी संपाचं आपलं वर्ष. संस्थेच्या तेव्हाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तो आजही ‘एर्की’ शो म्हणून ओळखला जातो. त्या काळात कापडच मिळत नव्हतं, त्यामुळे नको त्या वस्तूंतून कपडे करणं ही तिथे फॅशन नव्हती, गरज होती, आणि थोडी खोडीही होती. आजच्या मुलांना कापड मिळतं, पण सवय रक्तात राहिली. अकादमीची आताची इमारत कालामाया भागात आहे, २०१८ मध्ये सुरू झालेली, आणि ती मूळची मोज्यांचा कारखाना. तिथे शिकणारी मुलं मोज्यांच्या कारखान्यात बसून कचऱ्याचा अभ्यास करतात. याहून वेगळं काय होणार.

खेड्यांतली परंपरा तुम्हाला रॅम्पवर हमखास दिसेल, तिच्यावर फार शाई घालवू नका, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. किह्नू नावाच्या बेटावर बायका अजून रोज पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी घागरे घालतात. तरुण आणि सुखात असताना लाल, दुखवट्यात गडद, आणि दुःख सरत जाईल तसा लाल हळूहळू परत येतो. तिथली संस्कृती २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. दुसरी, हापसालू गावची विणलेली शाल, इतकी तलम की अंगठीतून ओढून दाखवतात. तिच्यावर लहान लहान गाठींचे दाणे असतात. सांगतात की व्यापारी शाल वजनावर घ्यायचे, म्हणून बायकांनी जास्त लोकर खपेल असे दाणे विणायला सुरुवात केली. खरं-खोटं देव जाणे, पण धंद्यातल्या कुठल्याही बाईला हे पटेल.

लोकरीचा विषय निघालाच आहे तर, इथली स्थानिक मेंढीची लोकर बऱ्याच प्रमाणात वाया जाते. जाडीभरडी असते, गोळा करणं, धुणं परवडत नाही, आणि न धुतलेली लोकर युरोपच्या नियमांत प्राणिजन्य उपपदार्थ म्हणून धरली जात असल्याने तिचा व्यवहार कटकटीचा. ‘वूला’ नावाच्या कंपनीने तिचं पार्सलात घालायचं पॅकिंग केलं, प्लास्टिकच्या फुग्यांच्या कागदाऐवजी. कपड्याचा शो बघायला आलात तरी हे लिहा. लोकरीचा सगळ्यात शहाणा वापर रॅम्पवर नसून खोक्यात आहे, ही बातमी आहे.

चामड्यात स्टेला सोमलाइस यांचं नाव घेतलं जातं. त्या आपल्या वापरलेल्या पिशव्या परत घेतात आणि त्या चामड्यातून लहान वस्तू करतात. त्यांची पिशवी हातात घेतलीत तर बघा, मोठे सलग तुकडे, कमी शिवणी. पुढे उसवून दुसरं काही कापता यावं म्हणून. पहिल्याच दिवशी शेवटचा विचार करून काढलेला पॅटर्न फार थोडे लोक काढतात, मीसुद्धा क्वचित.

आता जरा कडवट बोलते. शोच्या आधी आणि नंतर ‘डेडस्टॉक’ हा शब्द तुम्ही पन्नास वेळा ऐकाल. म्हणजे गिरणीत न विकलं गेलेलं चांगलं, नवं थान. ते वापरणं वाईट नाही. पण उरलेलं थान विकत घेणारं गिऱ्हाईक दर हंगामाला ठरलेलं असेल तर गिरणी जास्त काढायला कचरणार नाही, आणि मग ते उरलेलं राहत नाही, साधा माल होतो, फक्त गोष्ट लावलेला. मी एका ब्रँडसाठी ‘डेडस्टॉक’ म्हणून आलेल्या कापडाची पुन्हा ऑर्डर दिलेली स्वतः पाहिली आहे. त्याच रंगाची पुन्हा ऑर्डर! उरलेल्याची पुन्हा ऑर्डर कशी देता येईल? मी विचारलं. सगळे गप्प. (वर सांगितलंच.)

कायदा मात्र आता या सगळ्यांच्या मागे लागलाय. जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक झालं. न विकलेले कपडे आणि चपला-बूट नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी. यामुळे लहान डिझायनरांकडे उरलेल्या मालाचा लोंढा येईल, आणि त्यातलं बरचसं मिश्र धाग्याचं, ज्याचं पुढे काहीच होत नाही असं असेल. पॉलिस्टर-सुती-लायक्रा अशा तिहेरी कापडाकडे अंधेरीचा आमचा कतरणवाला बघत नव्हता, आणि त्याचं अजून चुकलेलं नाही.

शोला जाल तेव्हा लवकर जा. आणि संपल्यावर थांबा, गर्दी पांगली की कपडे रॅकवर लटकलेले असतात आणि डिझायनर जवळच उभा असतो, एकटा, अवघडलेला. त्याला ‘तुमची प्रेरणा काय’ विचारू नका, एक तास जाईल आणि हाती काही लागणार नाही. हे कापड कुठल्या कारखान्यातून, किती मीटर मिळालं, आणि यातले किती नग झाले, एवढंच विचारा. ज्याच्याकडे उत्तर असतं तो आकडा सांगतो, ‘एकशे दहा मीटर, चौतीस नग’. ज्याच्याकडे नसतं तो पृथ्वीबद्दल बोलायला लागतो. आकडा सांगणारा, कपडा धुतल्यावर काय होतं तेही सांगेल, विचारलंत तर. त्याने लगेच उत्तर दिलं नाही तर घाबरू नका, थांबा. इथे दोन वाक्यांच्या मध्ये दहा सेकंदांची शांतता म्हणजे उद्धटपणा नसतो, तो विचार करत असतो. आपल्याला ती शांतता भरून काढायची घाई होते, मलाही व्हायची.

आणि परवानगी घेऊन कपडा उलटवून बघा. कोणी नाही म्हणत नाही. उलट, आतली शिवण बघणारं कोणी आलं की त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलिस्किवीला जा. बाल्टी याम स्टेशनच्या बाजूला रेल्वेच्या जुन्या कारखान्याच्या इमारतींत दुकानं आणि कार्यशाळा आहेत. रॅम्पवर पाहिलेल्यापैकी काही तिथे टांगलेलं आणि किंमत लावलेलं सापडेल. किंमत बघून दचकाल, मग शिवणी मोजा, तास मोजा. पुण्याहून आणलेलं जाकीट नोव्हेंबरात पुरणार नाही, तेव्हा कोट मात्र ‘काल्त्सुकास’मधून घ्या. जुन्या कपड्यांच्या दुकानाला इथे बोलीत असं म्हणतात, ‘काल्त्स’ म्हणजे चिंधी. शरम वाटून घेऊ नका, माझ्या ब्रँडवाल्या मालकीणबाईही तिथेच भेटतात. लोकरीचा बघा, अस्तर फाटलेलं असेल तर भाव पाडून मिळतो. अस्तर मी बदलून देईन.